दहा हजार लिटरचा खुलासा

पाणी खात्याने प्रत्येक इमारतीला एकपानी फॉर्म पाठवला होता आणि त्याच्या सहाव्या रकान्यात विचारलं होतं, 'टाकीची क्षमता (लिटर, अंदाजे)'. शेजारच्या इमारतीच्या चिटणिसाने एकदा मान वर करून गच्चीकडे बघितलं, 'दहा हजार' लिहिलं आणि तो नाश्त्याला बसला. त्याचं पुढे काहीही वाईट झालं नाही. ज्यांना या गोष्टीतून बोध घ्यायचा असेल त्यांनी तो इथेच घ्यावा आणि आपापल्या कामाला लागावं. कारण आपल्या गोष्टीतले चिटणीस 'अंदाजे' या शब्दावर अडले.

त्यांना सगळी इमारत 'मिलिमीटर' म्हणायची. एका कारखान्याच्या नकाशा विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती आणि निवृत्त होताना मिळालेली पोलादी मापनपट्टी ते शर्टाच्या खिशात बाळगायचे. सेंटिमीटर हे माप त्यांच्या मते शिंप्यांसाठी होतं. दाराची फट किती, असं बायकोने विचारलं तर "अठरा" म्हणायचे. अठरा काय, हे विचारायची गरज त्या घरात पंचवीस वर्षांत पडली नव्हती.

"अंदाजे हा शब्द आळशी माणसाने शोधून काढलाय," ते फॉर्म बाजूला ठेवत म्हणाले.

"मग त्या माणसाचं घर सुखी असेल," बायको म्हणाली.

नशिबाने, म्हणजे इमारतीच्या वाईट नशिबाने, त्याच आठवड्यात टाकी धुवायला रिकामी केली होती. मिलिमीटर हाफ पँट घालून, शिडी लावून आत उतरले. आत त्यांचा आवाज असा घुमत होता की तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना वाटलं, रेडिओवर कुणीतरी आकडे वाचून दाखवतंय. लांबी तीन हजार चार. रुंदी दोन हजार तीनशे सत्त्याण्णव. ओसंडनळीपर्यंत उंची एक हजार आठशे तीन. प्रत्येक माप त्यांनी तीन ठिकाणी घेतलं आणि डोक्यावर शेवाळ घेऊन विजयी मुद्रेने बाहेर आले.

एकेकाळी हा गुणाकार मिलिमीटरनी पाठकोऱ्या कागदावर चुटकीसरशी केला असता. पण मुलगी परगावी जाताना आपला जुना संगणक घरी ठेवून गेली होती आणि त्यात कुठूनतरी फुकट मिळालेला एक कॅल्क्युलेटर टाकून गेली होती. मिलिमीटर त्यावर भाळले होते. त्यांनी त्याची खिडकी पडद्यावर ओढून ओढून अगदी अरुंद केली होती, कारण टेबलावर काय किंवा पडद्यावर काय, कुठल्याही वस्तूने गरजेपेक्षा जास्त जागा खाऊ नये असं त्यांचं तत्त्व होतं. तत्त्वाची माणसं अशीच गोत्यात येतात.

तीन आकडे घातले, बरोबरचं चिन्ह दाबलं. उत्तर आलं : २९८२६६०१६४. घन मिलिमीटरचे लिटर करायचे म्हणजे शेवटचे सहा अंक खोडायचे. तेवढं तर ते झोपेतही करत. दोन हजार नऊशे ब्याऐंशी लिटर आणि वर सहाशे साठ मिलिलिटर. मनावर दगड ठेवून त्यांनी ते पूर्ण लिटर केले आणि सहाव्या रकान्यात लिहिलं, '२९८३'. 'अंदाजे' हा शब्द पट्टी लावून खोडला आणि खोडल्याच्या शेजारी सही केली.

"तीनच हजार?" बायको म्हणाली. "आत उतरलात तेव्हा म्हणाला होतात, आपल्या स्वयंपाकघराएवढी आहे म्हणून. बारा बिऱ्हाडांची धुणीभांडी दोन दोन दिवस तेवढ्यात होतात?"

"याला काटकसर म्हणतात," मिलिमीटर म्हणाले. त्या इमारतीत पंप दिवसाआड लागायचा आणि तो स्वतः मिलिमीटर लावायचे.

संध्याकाळी त्यांनी हा पराक्रम तळमजल्यावर सांगितला. तळमजल्यावर, गाड्या लावायच्या जागेच्या कडेला, एकच बिऱ्हाड होतं, घड्याळजींचं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून आता ते एकटेच एकेचाळीस कुंड्या सांभाळत होते. त्यांच्या व्हरांड्यात अठरा वर्षं रोज संध्याकाळी सहा वाजता बुद्धिबळाचा डाव पडायचा. पट मिलिमीटरचा, स्वतः आखलेला, घर न् घर बरोब्बर पन्नासचं. सोंगट्या घड्याळजींच्या, त्यातला एक घोडा कधीच हरवलेला, त्याच्या जागी गजराच्या घड्याळाची चावी उभी असायची. डाव अर्धा राहिला तर त्यावर फडकं टाकून दुसऱ्या दिवशी पुढे चालू. मिलिमीटरना तोंडावर मिलिमीटर म्हणायची परवानगी अख्ख्या इमारतीत एकट्या घड्याळजींना होती.

घड्याळजींनी तिन्ही मापं ऐकली, थोडा वेळ छताकडे बघितलं आणि विचारलं, "नक्की तीन हजार लिटर होतात?"

"संगणकाने काढलंय," मिलिमीटर जरा दुखावून म्हणाले.

"मग प्रश्नच नाही," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी चावी अडीच घरं पुढे सरकवली.

बारा दिवसांनी पाणी खात्याचं पत्र आलं. मिलिमीटर इस्त्रीचा शर्ट घालून खात्यात गेले. तिथला कारकून चष्मा कपाळावर ठेवून फाइल वाचत होता. चष्मा डोळ्यांवर आणायचे कष्ट त्याने सबंध मुलाखतीत घेतले नाहीत.

"टाकी तीन हजारांची," कारकून म्हणाला. "दिवसाआड एकदा भरता. आणि मीटर दर वेळी बारा-तेरा हजारांनी पुढे जातो. बाकीचं पाणी कुठे जातं?"

"कुठे जातं?" मिलिमीटरनी विचारलं.

"मी विचारतोय. पंधरा दिवसांत खुलासा द्या, नाहीतर नळजोडणी तोडणार. हा खुलाशाचा नमुना. यात दोन चौकोन आहेत, गळती आणि चोरी. एकावर खूण करायची."

"आणि दोन्ही नसेल तर?"

"तिसरा चौकोन नाही," कारकून समजावणीच्या सुरात म्हणाला.

मिलिमीटर घरी आले ते पेटूनच. आपण पंप लावतो, आपल्या नाकाखालून पाणी जातं आणि आपल्याला पत्ता नाही! दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी पुन्हा पूर्ण रिकामी करवली, मीटरचा आकडा लिहून घेतला आणि ओसंडनळीतून पहिला थेंब पडेपर्यंत पंप चालवला. इमारतीने त्या दिवशी आंघोळीला सुट्टी दिली. मीटर फिरला होता बारा हजार नऊशे त्र्याऐंशी.

"बघितलंत?" मिलिमीटर जिन्यात जमलेल्यांना म्हणाले. "माझं माप किती अचूक! शेवटचा आकडा न् आकडा जुळला. दोन हजार नऊशे त्र्याऐंशी टाकीत गेलं, बरोब्बर दहा हजार लिटर बाहेर गेलं. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही."

"पाणी असं मोजून गळतं?" बायकोने विचारलं. पण अचूक माणसाच्या बायकोचं कोण ऐकतं?

बाकीच्यांचं मात्र ऐकलं गेलं. सल्ला ही गोष्ट त्या इमारतीत चोवीस तास उपलब्ध होती. पाण्यासारखी दिवसाआड यायची नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुळाशी जा. वरून दात छान दिसतो, आत सगळं पोकळ असतं." पहिल्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "काहीही करा, पण आधी मला दाखवा." मग प्लंबर आला. त्याने एक लोखंडी सळई जमिनीत रोवली, वरच्या टोकाला कान लावला आणि डोळे मिटले.

"गळती बोलते, साहेब," तो म्हणाला. "ऐकणारा पाहिजे."

"काय म्हणतेय?"

"इथे खणा म्हणतेय."

तिथे खणलं. एक गंजलेला चमचा आणि कोरडी माती. गळतीने मत बदललं आणि दुसरीकडे खणायला सांगितलं. तिथे सांडपाण्याचा नळ होता, तो आधी फुटला नव्हता, आता फुटला. प्लंबर आनंदाने ओरडला, "पाणी लागलं!" तिसऱ्या खड्ड्यात पहारीखाली इंटरनेटची तार आली. बारा घरांतून एकदम बारा माणसं बाल्कनीत आली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांनी सगळ्यांचे चेहरे नीट पाहिले. इमारतीच्या अंगणाची मात्र चाळणी झाली होती. मिलिमीटर प्रत्येक खड्ड्याची खोली मोजून वहीत लिहीत होते, कारण निदान ती तरी बरोबर यावी.

त्याच तिसऱ्या खड्ड्यात एक पाइप सापडला. जुना, अंगठ्याएवढा, आणि त्याचं तोंड घड्याळजींच्या कुंड्यांच्या दिशेने.

"यातून गेल्या दहा वर्षांत काही गेलेलं दिसत नाही," प्लंबर म्हणाला. पण तो हे हळू म्हणाला, आणि डॉक्टरीणबाई मोठ्याने म्हणाल्या, "तरीच त्यांचा गुलाब एवढा फुलतो!"

एवढं पुरलं. संध्याकाळी जिन्यात बैठक झाली. कुणीच घड्याळजींचं नाव घेतलं नाही आणि सगळे त्यांच्याबद्दलच बोलत होते. मिलिमीटरच्या मनात एकीकडे अठरा वर्षं होती आणि एकीकडे दहा हजार लिटर. आणि दहा हजार हा आकडा त्यांनी स्वतः काढला होता. पाण्याची जोडणी तुटली तर बारा घरं आपल्या नावाने बोटं मोडतील, ही भीतीही होतीच. खाली जाऊन सरळ विचारावं, असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण विचारायचं कसं? माणूस समोर असला की डोळ्यांत बघावं लागतं. कागदाला डोळे नसतात.

"तोंडी बोलू नका, लेखी द्या," वकील म्हणाले. "आणि नाव घालू नका. नाव घातलं की अब्रूनुकसानी. 'तळमजल्यावरील रहिवासी' लिहिलं की नुसती नोटीस."

"तळमजल्यावर एकच रहिवासी आहे," बायको म्हणाली.

"तो योगायोग," वकील म्हणाले.

फलकावर नोटीस लागली : 'तळमजल्यावरील रहिवाशाने दहा हजार लिटर पाण्याचा खुलासा सात दिवसांत द्यावा. चिटणीस.' चारी टाचण्या कडेपासून सारख्या अंतरावर होत्या.

त्या संध्याकाळी सहा वाजता मिलिमीटर चप्पल घालायला दारात गेले, तर उंबऱ्यापाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला पट ठेवलेला. नुसता पट. डाव रंगात आला होता, घड्याळजींची सरशी होती, कालपर्यंत फडक्याखाली सोंगट्या तशाच उभ्या होत्या. त्या सगळ्या उचलून त्यांनी आपल्या डब्यात भरल्या होत्या. मिलिमीटर पट हातात घेऊन उभे राहिले. सहा वाजता काय करायचं असतं हेच त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून फलकावर नोटिशीच्या खाली रोज एक चिठ्ठी दिसू लागली, घड्याळाच्या दुकानातल्या पावतीएवढी. 'आज कुंड्यांना पाणी : सव्वातीन बादल्या. तळमजल्यावरील रहिवासी.' मग 'आज : अडीच बादल्या.' मग 'आज : दोन. शेवंती गेली.' घड्याळजी जिन्यात भेटले की मान लववून बाजूला व्हायचे, इतक्या अदबीने की मिलिमीटरना त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. सात दिवस उलटले. खुलासा आला नाही. मिलिमीटरना जेवण जाईना.

"जा की खाली," बायको म्हणाली.

"त्यांनी खुलासा द्यायचाय."

"बरं. मग बसा मिलिमीटर मोजत."

नवव्या दिवशी सकाळी खात्याचा फोन आला. खुलाशासोबत टाकीच्या मापाचं गणित जोडायचं होतं, तीन प्रतींत. मिलिमीटर संगणकासमोर बसले, तेच तीन आकडे घातले, तेच उत्तर आलं आणि ते कागद आणायला उठले. तेवढ्यात बायको टेबल पुसत आली. तिचं फडकं माउसवरून फिरलं, फडक्याखाली काहीतरी दाबलं गेलं, कॅल्क्युलेटरची कड धरली गेली आणि खिडकी हातभर उजवीकडे फाकली.

"अहो," बायको म्हणाली, "हा एक कुठून आला?"

"कुठला एक?"

"हा काय, डावीकडे. दोनाच्या आधी."

मिलिमीटरनी चष्मा लावला. १२९८२६६०१६४. त्यांनी खिडकी ओढून अरुंद केली. एक गेला. रुंद केली, एक आला. पुन्हा अरुंद, पुन्हा रुंद. दहापेक्षा जास्त अंक झाले की हे बेणं पहिला अंक कडेच्या मागे ढकलून देत होतं आणि वर तोंड करून बसत होतं. काही राहिलंय अशी एक टिंबाचीही खूण नाही. अकराव्यांदा रुंद केल्यावर त्यांनी माउस सोडला, कागद घेतला आणि चौतीस वर्षांच्या सवयीने गुणाकार केला. पाऊण मिनिट लागलं. बारा हजार नऊशे ब्याऐंशी लिटर, सहाशे साठ मिलिलिटर.

"म्हणजे दहा हजार लिटर पाणी या खिडकीमागे होतं," बायको म्हणाली. "आणि आपण अंगण खणलं."

मिलिमीटरनी नोटिशीचा मसुदा लिहायला घेतला : 'संगणकीय गणनयंत्राच्या दर्शनविषयक दोषामुळे...'

बायकोने खांद्यावरून वाचलं. "नोटीस संगणकाने लावली होती का?"

मसुदा फाटला. दुसरा लिहिताना त्यांना तासभर लागला, आणि तो तीनच वाक्यांचा होता.

पण तो घेऊन ते लगेच खाली गेले नाहीत. आधी पाणी खात्यात गेले. खातं सोपं होतं. कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग गळती लिहू की चोरी?"

"दोन्ही नाही. चूक."

"कुणाची? खात्याची नाही ना?" कारकुनाने पहिल्यांदाच चष्मा डोळ्यांवर घेतला.

"माझी."

कारकुनाला काय करावं सुचेना. त्याने आतून साहेबांना बोलावलं. साहेबांनी शेजारच्या विभागाला विचारलं. माझी चूक झाली असं सांगायला माणूस स्वतःहून, कामाच्या वेळेत, बस पकडून येतो, असा प्रसंग त्या खात्यात कधी आला नव्हता आणि त्याला नमुना नव्हता. शेवटी साहेबांनी छापील फॉर्मवर पट्टी लावून हाताने तिसरा चौकोन काढला. मिलिमीटरनी त्यात खूण केली. चौकोन किंचित तिरका होता, पण आज ते त्याबद्दल बोलले नाहीत.

परत आल्यावर त्यांनी जुनी नोटीस काढली आणि नवी लावली : 'टाकी १२९८३ लिटरची आहे. गणित माझं चुकलं. घड्याळजींची मी माफी मागतो. चिटणीस.' वकिलांनी वाचून म्हटलं, "नाव घातलंत? नाव कशाला घातलंत?" मिलिमीटर म्हणाले, "माणसाचं आहे म्हणून."

मग सहा वाजले. मिलिमीटर पट काखेत घेऊन खाली उतरले. जिन्याच्या पायऱ्या चव्वेचाळीस होत्या, त्या आज जास्त वाटल्या. घड्याळजींचं दार उघडंच होतं. ते व्हरांड्यात वाळलेली शेवंती कुंडीतून काढत होते.

"बसा," घड्याळजी म्हणाले. त्यांनी खुर्ची सरकवली नाही, पण खुर्ची नेहमीच्याच जागी होती.

मिलिमीटरनी सगळं सांगितलं. अरुंद खिडकी, कडेमागचा एक, बायकोचं फडकं, सगळं. घड्याळजी हातातली माती झाडत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तीन मीटर, दोन पूर्णांक चार आणि एक पूर्णांक आठ. तेरा हजारांना थोडं कमी. मी तुम्ही सांगितलंत तेव्हाच धरलं होतं मनात."

मिलिमीटर उडालेच. "तुम्हाला माहीत होतं? मग नोटीस लागल्यावर तरी बोलायचंत!"

"बोलणार होतो." घड्याळजींनी कुंडी बाजूला ठेवली. "म्हटलं, मिलिमीटर खाली येतील. विचारतील, घड्याळजी, पाणी घेतलंत का. मी म्हणेन, नाही. ते म्हणतील, बरं. मग मी गणित सांगेन. नऊ दिवस सहा वाजता दार उघडं ठेवून बसलो होतो."

मिलिमीटरना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. टाकीच्या तळाशी उभं असताना आकाशाचा जेवढा चौकोन दिसतो तेवढंच जग उरलंय असं त्यांना वाटलं. ते पटावरची न पडलेली धूळ पुसत राहिले.

"पाणी घेतलंत का, घड्याळजी?" शेवटी ते म्हणाले.

"नाही."

"बरं."

घड्याळजी आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात सोंगट्यांचा डबा होता. त्यांनी पट मांडला आणि नऊ दिवसांपूर्वीचा डाव आठवून आठवून लावायला सुरुवात केली. इथे उंट, इथे हत्ती, चावी तिथे कोपऱ्याजवळ. एकदाही अडखळले नाहीत. मिलिमीटर डोळे पुसून बघत होते. सगळं बरोबर होतं, फक्त एक गोष्ट सोडून.

"घड्याळजी, माझा वजीर?"

"असेल की."

"कुठे? दिसत नाही."

"डावीकडे बघा. कडेमागे लपला असेल," घड्याळजी डब्याचं झाकण घट्ट लावत म्हणाले. "पट जरा ओढून रुंद करून बघा."

मिलिमीटरनी पटाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, घड्याळजींकडे बघितलं. मग एक प्यादं उचललं आणि एक घर पुढे ठेवलं.

रात्रीच्या जेवणाला ते शीळ घालत वर आले आणि तीन पोळ्या जेवले. बायकोने विचारलं, "कोण जिंकलं?"

"ते."

"किती वेळ चालला डाव?"

"तासभर," मिलिमीटर म्हणाले. "अंदाजे."